सायकलीचे कोळपे

पाचोऱ्याहून जामनेरच्या दिशेने निघाले, की वाटेत शेंदुर्णी लागते. त्रिविक्रमाच्या मंदिरामुळे आणि पाचोरा-जामनेर या अरुंद रुळांवर पूर्वी धावणाऱ्या गाडीमुळे, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या 'पीजे'मुळे, हे गाव खानदेशात सर्वपरिचित आहे. जामनेर, पाचोरा, पहूर, शेंदुर्णी या बाजारपेठांशी आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचा कापसाच्या, धान्याच्या किंवा कापडाच्या निमित्ताने पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. तरीही याच शेंदुर्णीच्या गोपाळ मल्हारी भिसे या अल्पभूधारक शेतकऱ्याने सायकलीचे भाग वापरून हाताने ढकलायचे कोळपे तयार केले, त्याला 'कृषिराजा' असे नाव दिले आणि त्याची नोंद देशपातळीवर घेतली गेली, ही गोष्ट आपल्यापैकी फारच थोड्यांना माहीत असते. शेतीच्या अवजाराचा आणि व्यापारी कुटुंबांच्या मासिकाचा काय संबंध, असे कोणी विचारील. मला तो संबंध अगदी जवळचा वाटतो. सायकलीची दुकाने, सुट्या भागांची दुकाने आणि हार्डवेअरची दुकाने यांच्या गल्ल्यावर बसणारे बहुधा आपणच असतो, आणि भिसे यांच्यासारख्या माणसाला जे साहित्य लागते ते अशाच दुकानांतून जाते.

प्रथम कोळपणी म्हणजे काय, हे शहरात वाढलेल्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. पीक उगवल्यानंतर दोन ओळींमधील मोकळ्या जागेत तण माजते. 'तण खाई धन' ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. पिकाला घातलेले खत आणि जमिनीतील ओल यांवर पहिला डल्ला तण मारते. कापसासारख्या पिकात पेरणीनंतरचे पहिले दोन महिने या दृष्टीने फार नाजूक असतात. ओळींच्या मधून लोखंडी पास असलेले कोळपे फिरवले, की ही पास जमिनीच्या वरच्या थरात सरकते, तणाची मुळे कापते आणि माती भुसभुशीत करते. आपल्या काळ्या जमिनीत याचा आणखी एक लाभ होतो. ही जमीन वाळू लागली की तिला भेगा पडतात आणि खालची ओल त्या वाटेने उडून जाते. कोळपणीने भेगा बुजतात आणि वरच्या सुट्या मातीचे आच्छादन तयार होते. म्हणूनच जुने शेतकरी एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी असे म्हणत.

मात्र कोळपणीची वेळ हवी तेव्हा मिळत नाही. पाऊस पडून गेल्यावर काळी माती चिकट असते, तिच्यात पाय टाकवत नाही. काही दिवसांनी तिला वाफसा येतो, म्हणजे ओल बेताची राहते आणि माती अवजाराला धरत नाही. आणखी काही दिवस उलटले की तीच माती ढेकळांसारखी घट्ट होते. कोळपायचे ते या मधल्या थोड्या दिवसांत. ज्याच्या दावणीला बैलजोडी आहे तो त्या सकाळी जू जुंपतो. ज्याच्याकडे नाही त्याला दुसऱ्याची जोडी भाड्याने आणावी लागते, आणि जोडीचा मालक आधी स्वतःचे शेत उरकतो हे स्वाभाविकच आहे. सर्वांच्या शेताला वाफसा एकाच वेळी येत असल्यामुळे दोन-अडीच एकरांच्या शेतकऱ्याचा क्रमांक नेहमी शेवटी लागतो.

माझ्या बँकेतील नोकरीचा आरंभ १९८० च्या दशकातला. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जप्रकरणे तेव्हा ग्रामीण शाखांत गठ्ठ्यांनी येत, आणि त्यांत बैलजोडीची प्रकरणे हमखास असत. जनावराचा विमा उतरवला जाई आणि कानात क्रमांकाचा बिल्ला ठोकला जाई. अर्जदाराच्या खर्चाची मांडणी करताना एक गोष्ट डोळ्यांत भरे. बैल राबतो वर्षातले काही महिने, पण चारा खातो बारा महिने. जमीन मोठी असेल तर हा खर्च अनेक एकरांवर वाटला जातो. जमीन दोन एकर असेल तर शेताच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा गोठ्यातच संपतो. वाणिज्य शाखेत आम्ही 'स्थिर खर्च' ही संज्ञा पुस्तकातून शिकलो होतो, तिचा अर्थ खऱ्या अर्थाने मला त्या अर्जांनी शिकवला. लहान शेतकऱ्याला बैलजोडी परवडत नाही आणि बैलजोडीवाचून वेळेवर कोळपणी होत नाही, या पेचावर आमच्याकडे कर्जाखेरीज उत्तर नव्हते.

भिसे यांनी शोधलेले उत्तर या पेचाच्या मुळाशी जाते. बैलजोडी बाळगणे त्यांनाही शक्य नव्हते. सायकलीवर जड ओझे लादून ती चढावरून ढकलत नेणारा माणूस त्यांनी पाहिला आणि तेथून ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. विचार करून पाहावा. तेच ओझे डोक्यावर घेऊन तो माणूस चढ चढू शकला नसता. चाकाने ओझे पेलले, माणसाने फक्त ढकलले. मग चाकाच्या मागे ओझ्याऐवजी कोळप्याची पास बांधली तर? सायकलीचे पुढचे चाक, त्याचा आस आणि हँडल एवढे घ्यायचे, मागचे चाक व पायडलांचा भाग काढून टाकायचा आणि त्या जागी जमिनीत चालणारी पास बसवायची, असे या अवजाराचे रूप आहे. शेतकरी हँडल दोन्ही हातांनी धरतो आणि ओळींमधून चालत पुढे ढकलतो. बोल्ट सैल करून पास बदलता येते. तण काढायला एक, माती हलवायला दुसरी, सरी पाडायला तिसरी. डिझेल लागत नाही, चारा लागत नाही, आणि काम संपले की अवजार भिंतीला टेकवून ठेवता येते.

तळागाळातील अशा कल्पनांची नोंद ठेवण्याचे काम अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील प्राध्यापक अनिल गुप्ता यांनी 'हनी बी नेटवर्क'च्या रूपाने सुरू केले. त्याच विचारातून २००० मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान उभे राहिले. शेंदुर्णीच्या कोळप्याची दखल या प्रतिष्ठानाने घेतली. आज महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांत वेल्डिंगच्या लहान कारखान्यांतून 'सायकल कोळपे' या नावाने तशी अवजारे तयार होतात. प्रत्येक कारागीर आपल्या भागातील मातीप्रमाणे त्यात थोडाफार बदल करतो, आणि विकत घेणाऱ्याला बहुधा शेंदुर्णीचे नावही ठाऊक नसते.

आता प्रश्न असा, की हे अवजार सायकलीतूनच का जन्मले? शिलाई यंत्रातून नाही, पाण्याच्या पंपातून नाही. माझ्या समजुतीप्रमाणे घराघरांत शिरलेले आणि तरीही घरच्या घरी पूर्ण उघडता येणारे यंत्र म्हणजे सायकल होय. इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये 'रोव्हर' नावाची दोन जवळजवळ सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल बाजारात आणली. पुढे सायकलीच्या सांगाड्याचा जो चौकटीचा आकार रूढ झाला, त्यात फारसा फरक पडलेला नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिच्या भागांची मापे ठरून गेली. साखळीच्या दोन कड्यांमधील अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. मद्रासमध्ये १९४९ साली सुरू झालेल्या टी. आय. सायकल्सची सायकल असो, सोनीपतच्या ॲटलसची असो, की लुधियानाच्या हिरोची, साध्या काळ्या सायकलीची साखळी, छर्रे, टायर, पायडल एकमेकांना चालतात. एका बँकेचा धनादेश दुसऱ्या बँकेत वटतो तसेच हे आहे. धनादेश सर्वत्र वटतो म्हणून व्यापार चालतो, आणि भाग सर्वत्र बसतात म्हणून दुरुस्ती चालते. दुरुस्ती चालते तिथे कोणीतरी एक पाऊल पुढे जाऊन फेरफारही करतोच.

असे फेरफार आपण रोज पाहतो, फक्त त्यांना शोध म्हणत नाही. दूधवाल्याच्या सायकलीला पुढच्या चाकाच्या आसापासून हँडलच्या मानेपर्यंत दोन जादा सळ्या लावलेल्या असतात आणि कॅरिअर जाड गजाचे असते, कारण दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या कॅनचा भार साध्या चिमट्याला आणि कॅरिअरला झेपत नाही. धार लावणारा कारागीर सायकल स्टँडवर उभी करतो, सीटवर बसून पायडल मारतो आणि मागच्या चाकाची गती पट्ट्याने सहाणेच्या दगडाला देतो. फुल बाजारातून आल्यावर घरातील बोथट सुऱ्या घेऊन आपण त्याच्यापुढे उभे राहतो, पण ते यंत्र त्याने कुठून आणले हे विचारायचे आपल्याला सुचत नाही.

घरच्या घरी सायकलीत काय बदलता येते, हे थोडे तपशिलाने सांगतो. निवृत्तीनंतर अंगणात बसून करण्यासारखा हा उद्योग आहे आणि नातवंडांना सोबत घेऊन केला तर अंकगणिताचीही उजळणी होते. समजा, जुन्या काळ्या सायकलीचे पुढचे दातेरी चक्र ४८ दातांचे आणि मागचे फ्रीव्हील १८ दातांचे आहे. ४८ ला १८ ने भागले की २.६७ येतात, म्हणजे पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक दोन पूर्णांक दोन-तृतीयांश वेळा फिरते. २८ इंची चाकाचा परीघ सुमारे २.२३ मीटर. म्हणजे एका फेऱ्यात सायकल जवळजवळ सहा मीटर पुढे जाते. तरुण पायांना हे ठीक आहे. साठीनंतरच्या गुडघ्यांना समोरून वारा असताना ते जड जाते. मागे २२ दातांचे फ्रीव्हील बसवले तर एका फेऱ्यात अंतर सुमारे ४.९ मीटर होते आणि पायावरचा जोर सुमारे अठरा टक्क्यांनी कमी होतो. वेग थोडा घटतो, पण या वयात कोणाला शर्यत जिंकायची आहे? दात वाढल्यामुळे साखळीला एक जोडी कडी वाढवावी लागते. फ्रीव्हील काढायला त्याच्या खाचेत बसणारा खास पाना लागतो, तो सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. हातोडी आणि छिन्नीने ठोकून फ्रीव्हील काढण्याचा खटाटोप करू नये, खाचा एकदा तुटल्या की पाना पुन्हा लागत नाही.

पायडल बदलताना एक गंमत ध्यानात ठेवावी. उजव्या पायडलाचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे. पायडल मारताना ते आपोआप सैल होऊ नये म्हणून ही योजना आहे. डावे पायडल काढायचे तर पाना नेहमीच्या उलट दिशेने फिरवावा लागतो, हे माहीत नसल्याने घाम गाळणारी माणसे मी पाहिली आहेत. जुन्या सायकलीचा क्रँक आसाला कॉटर पिनने धरलेला असतो. ती काढताना नट पूर्ण न काढता शेवटच्या आट्यांवर ठेवावा म्हणजे हातोडीने आटे चेपत नाहीत, आणि क्रँकखाली लाकडाचा किंवा लोखंडी नळीचा आधार द्यावा, नाहीतर हातोडीचा प्रहार आतल्या छर्ऱ्यांवर आणि कटोरीवर जातो. चाकांच्या हबमधील छर्रे रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुऊन, नवे ग्रीस भरून बसवले की जुनी सायकल अर्धी नवी होते.

सांगाडा मात्र वेगळी गोष्ट आहे. साध्या सायकलीच्या पोलादी नळ्या पातळ असतात आणि सांध्यांच्या कोंदणात त्या पितळी डाखाने बसवलेल्या असतात. विजेच्या वेल्डिंगची प्रखर उष्णता तिथे लागली की नळीला भोक पडते किंवा सांध्याच्या शेजारची नळी कमकुवत होते, आणि वरून रंग दिला की दोष दिसतही नाही. ज्या सायकलीवर माणूस बसणार आहे तिचा पुढचा चिमटा वेल्डिंग करून वापरू नये, तो मोडला की स्वार तोंडावर आपटतो. ॲल्युमिनियमचा सांगाडा असेल तर नेहमीच्या वेल्डरकडे नेऊच नये. कोळप्याची गोष्ट निराळी असण्याचे कारण हेच, की त्यावर कोणी बसत नाही आणि ते चालण्याच्या वेगाने चालते. वेल्ड सुटला तर पास गळून पडेल, हाड मोडणार नाही. मोडीत निघालेल्या सांगाड्याला कोळप्यात दुसरे आयुष्य मिळते, ते रस्त्यावर मिळू शकत नाही.

सायकलीच्या दुकानातून शेतीच्या अवजारापर्यंतचा प्रवास महाराष्ट्राने यापूर्वीही एकदा पाहिला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. सायकल ही तेव्हा अपूर्वाईची वस्तू होती, ती विकायची तर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवावे लागे. यंत्राशी जडलेला हा स्नेह पुढे लोखंडी नांगरापर्यंत गेला. १९०३ मध्ये तो नांगर तयार झाला, पण लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीने शेतकरी तो घेईनात, असे सांगतात. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि मग इतिहास घडला. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत डेटन येथे राईट बंधूंचेही सायकलीचेच दुकान होते, आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी उडालेल्या त्यांच्या विमानाचे पंखे सायकलीसारख्याच साखळ्यांनी फिरत होते. किर्लोस्करांकडे दुकान होते, राईट बंधूंकडे दुकान होते. शेंदुर्णीच्या शेतकऱ्याकडे दुकान नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या कामाचे मोल कळते.

या अवजाराच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कृषी अभियांत्रिकीत बैलजोडीची ताकद साधारण एक अश्वशक्ती धरतात आणि दिवसभर काम करणाऱ्या माणसाची तिच्या दहाव्या हिश्शाएवढी. त्यामुळे बैलांच्या कोळप्याएवढी रुंद पास सायकल कोळप्याला लावली तर ती जागची हलणार नाही. पास अरुंद हवी, तिला धार हवी आणि ती जमिनीत थोडीच शिरायला हवी. तण दोन पानांवर असताना फिरवले तर काम हलके होते. गुडघाभर वाढलेल्या तणात किंवा वाळून घट्ट झालेल्या जमिनीत हे कोळपे चालत नाही, तिथे खुरपे घेऊन बसावेच लागते. मोठ्या शेताला बैल किंवा ट्रॅक्टरच हवा. पण दोन एकरांच्या शेतकऱ्याला वाफसा आलेल्या दिवशी सकाळी उठून, कोणाच्या दारात न जाता, आपल्या ओळींत शिरता येते. ज्यांनी भाड्याच्या बैलजोडीची वाट पाहिली आहे त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

स्त्रियांच्या दृष्टीनेही याकडे पाहिले पाहिजे. निंदणी-खुरपणीचे काम आपल्याकडे बहुतांशी स्त्रिया करतात, दिवसभर उकिडवे बसून, ओळीमागून ओळ सरकत. दोन ओळींमधील तण उभ्याने निघाले आणि फक्त रोपालगतचे तेवढे खुरप्याने काढायचे राहिले, तर कंबर आणि गुडघे यांचा किती भार हलका होईल, याची कल्पना घरी बसूनही करता येते.

धुळे आणि जळगाव या दोन्ही शहरांत सायकलीच्या सुट्या भागांचा व्यवसाय करणाऱ्या मंडळींशी बोलताना एक तक्रार हटकून ऐकू येते. मुलांच्या नव्या सायकली वेगवेगळ्या मापांच्या असतात, एकीचा भाग दुसरीला चालत नाही, आणि जुन्या मापाचा माल ठेवावा तर तो वर्षानुवर्षे पडून राहतो. हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे खरे आहे. पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेले भांडवल, हे मी आयुष्यभर कर्जदारांना सांगत आलो. ॲटलससारख्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला, तेव्हा काळ्या सायकलीचे दिवस सरले असे पुष्कळांना वाटले. तरीही छर्ऱ्यांची एक पुडी, दोन कॉटर पिना, एक जुना हब असे किरकोळ मागणारे गिऱ्हाईक दारात आले तर त्याला परत पाठवू नये, असे मला वाटते. तो ते कशासाठी नेतो आहे, हे एकदा विचारून तर पाहावे.

ज्यांची शेती बटाईने दिलेली आहे आणि ज्यांच्या माळ्यावर एखादी जुनी सायकल गंजत पडली आहे, त्यांनी मृगापूर्वी ती उतरवून वेल्डरकडे न्यायला हरकत नाही. पुढची रीम वाकडी नाही ना, हे आधी चाक फिरवून पाहावे. टायर जुना चालेल. पुष्कळ कारागीर ट्यूब काढून टाकतात, कारण काट्याकुट्यांच्या शेतात पंक्चर कोण काढत बसणार. हँडल कमरेच्या थोडे वर, ढकलताना कोपर किंचित वाकेल एवढ्या उंचीवर यावे. शेतात नवरा आणि बायको दोघेही ते वापरणार असतील, तर कारागिराला सीटखालची नळी हँडलसाठी वापरायला सांगावे. सीट वर-खाली करण्यासाठी तिथे मुळातच एक बोल्ट असतो. तोच सैल करून हँडल बाईच्या उंचीला दोन इंच खाली घेता येते आणि पुन्हा आवळता येते.